दीड इंच

२७ मार्च

ठकीचं बटण पुन्हा तुटलं. वरून तिसरं. मी स्वतः लावलेलं — दुहेरी दोरा, खाली देठ, मागून कापडाचा तुकडा — आणि तरी तुटलं! कॉलेजात, फळ्यापाशी उभी असताना. घरी आली ती पिशवी छातीशी कवटाळून.

"आई, शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी आहे मी. जरा तरी अब्रू राख."

मी हसले. तीही हसली. मग ती थांबली आणि मी मात्र हसतच राहिले. हिच्या हसण्याला ब्रेक नाही, असं तिचे बाबा माझ्याबद्दल म्हणायचे.

सतरा वर्षांची आहे. माझ्यापेक्षा बोटभर उंच. काड्यांसारखे हातपाय, आणि छाती अशी की तयार शर्ट घ्यायचा तर तिच्यासारख्या दोघी मावतील असा घ्यावा लागतो. म्हणून मीच शिवते. शाळेत असताना धावायची. आता मैदानाच्या कडेला उभी राहून दुसऱ्यांची वेळ मोजते — हातात घड्याळ, गळ्यात शिट्टी. खांद्यावर पट्ट्यांच्या खाचा पडल्यात, माझ्या करंगळीचं टोक त्यात बसतं. उकाड्यात छातीखालची कातडी सोलवटते. पाठ तर बारा महिने दुखते.

ऑपरेशन करून छाती कमी करता येते, हे मला ठकीने सांगितलं. मी म्हटलं, असलं काही नसतं. मग वाचनालयात जाऊन पाहिलं, तर असतं! सातवी शिकलेल्या बाईने एवढं ठणकावून बोलू नये.

२९ मार्च

वही मागे चाळली. डॉक्टरीणबाईंकडे पहिल्यांदा गेलो ते सप्टेंबरात. तेव्हाचं मी फक्त एवढंच लिहिलंय — "बाई शिष्ट आहेत." धन्य! म्हणून आज नीट लिहून ठेवते.

मी कटिंगच्या कागदामागे अकरा प्रश्न लिहून नेले होते. बाईंनी कागद बघितला, घडी घातली आणि म्हणाल्या, "हे नंतर. आधी हिला विचारू." आणि मला बाहेर बाकावर बसवलं! वीस मिनिटं. समोर एका पोपटी भिंतीवर दातांचं चित्र. दातांचा इथे काय संबंध, हेच वीस मिनिटं वाचत बसले.

आत बोलावल्यावर म्हणाल्या — वयाचा आकडा बघून ठरत नाही. वाढ थांबलेली हवी, नाहीतर आज कमी करा, उद्या पुन्हा वाढायची. वजन फार वर-खाली होत नसलं पाहिजे. आणि तिला स्वतःला हवं असलं पाहिजे. आईला नव्हे, मैत्रिणींना नव्हे. व्रण राहतील, बधिरपणा येऊ शकतो, पुढे बाळाला पाजताना दूध कमी पडू शकतं, हे सगळं ऐकूनसुद्धा हवं असलं पाहिजे.

"वाढ थांबली हे कळायचं कसं?" मी विचारलं.

"तुम्ही काय करता?"

"शिवते."

"मग माझ्यापेक्षा तुम्हीच बरं सांगाल. घेर दर महिन्याला मोजा, त्याच तारखेला, त्याच हाताने. वर्षभर आकडा हलला नाही की या."

त्याच हाताने, म्हणाल्या. माझी छाती (तीही काही कमी नाही) फुगून आली. मापाची वही उघडून दाखवली. ठकीचं माप मी अकराव्या वर्षापासून लिहून ठेवलंय. गेल्या एप्रिलपासून चाळीस. हललं नाही. येत्या पाच एप्रिलला पुन्हा चाळीस आलं की वर्ष पुरं.

घरच्या माणसांची मापं तिच्या बाबांच्या जुन्या टेपाने घ्यायची, हा माझा नियम. तो खिळ्याला टांगलेला असतो. गिऱ्हाइकांसाठी नवा, ड्रॉवरमधला. सात वर्षं झाली त्यांना जाऊन. माणूस गेला, टेप राहिला. कापडी आहे, कडेला पिवळा पडलाय, सोळाच्या आकड्यावर त्यांच्या अंगठ्याचा डाग आहे. त्याला साबण लावायचा नाही, असं मी घरात बजावून ठेवलंय. घरात म्हणजे ठकीला. आणखी आहे कोण!

२ एप्रिल

वन्सं आल्या होत्या. दारातूनच सुरू —

"काय गं, पोरीला कापायला निघालीस म्हणे!"

म्हटलं, वन्सं, बसा तर आधी.

"बसते. पण मला सांग, देवाने दिलंय ते कमी करायला तू कोण? लोक नवस करतात यासाठी."

"कोण करतं?"

"करतात! तुला माहीत नाही." मग चहा. मग दुसरा चहा. मग — "लग्न झालं, एक पोर झालं की सगळं जागच्या जागी बसतं. माझं बघ." मी बघितलं. वन्संचं कुठलंच काही कधी जागच्या जागी बसलेलं मला आठवत नाही. ब्लाउज मीच शिवते त्यांचे.

ठकी आत होती. सगळं ऐकत असणार. आमच्या भिंती म्हणजे नुसत्या नावाला.

५ एप्रिल

माप घेतलं.

मी एका गणवेशाची दुमड टाचत होते. तोंडात टाचण्या. ठकी समोर येऊन उभी राहिली — "पाच तारीख." मी हात पुढे केला, तिने हातात टेप ठेवला. गुंडाळला. वाचला. साडेएकेचाळीस.

टाचण्या काढल्या तोंडातल्या. पुन्हा मोजलं. साडेएकेचाळीस. श्वास सोडायला लावला. साडेएकेचाळीस!

मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "बरं." आणि टेप गुंडाळून घेऊन गेली.

आता हे दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. तो आकडा बघितल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? बिचारी पोर? छे. मनात आलं — सुटले!

वा गं आई.

९ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली, चष्मा वर केला, पुन्हा पाहिली. "एका महिन्यात दीड इंच? वजन?" वजन तेवढंच. "होतं कधी कधी. घाई नको. इथून पुन्हा मोजायला लागू."

मग ठकीकडे वळून, "थांबवेल ना तुला?"

"हो," ठकी म्हणाली. लगेच. मी एवढ्या लगेच तर "चहा घेणार का" यालासुद्धा हो म्हणत नाही.

किती समजूतदार आहे पोर. बाबांवर गेली आहे. माझ्यावर गेली असती तर डॉक्टरीणबाईंचं टेबल उलटं केलं असतं.

१० एप्रिल

वीस गणवेश. दुसरं काही नाही.

१७ एप्रिल

मी का सुटले ते लिहून टाकते.

तिचे बाबा हर्नियासाठी गेले होते. "दोन दिवसांत परत येतो, तोवर त्या मास्तरांच्या पँटची काजं करून ठेव." मी काजं केली. मास्तर पँट घेऊनसुद्धा गेले. हे आलेच नाहीत. ऑपरेशनच्या टेबलावरच हृदय बंद पडलं, असं सांगितलं. मला एक फाइल दिली, निळी. ती मी कपाटात सगळ्यात वर ठेवली, ब्लँकेटांच्या खाली. अजून उघडली नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले. वाचनालयाच्या बाई विचारतात, "आज काय देऊ?" मी सांगते, जे पुढचं असेल ते. कपाट एकच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. आता तिसरं चालू आहे. मधमाश्या पाळणे, विजेचा शोध, राजघराण्यांच्या भानगडी, शरीराच्या ग्रंथी — सगळं क्रमाने. वाचनालयाच्या बाईंना वाटतं मी विदुषी आहे.

अडीच कपाटं वाचली. एक फाइल नाही वाचली.

२८ एप्रिल

माझ्यासारखी गाढवीण शोधून सापडणार नाही!

ठकीची आतली बॉडी दुरुस्तीला घेतली. मीच शिवलेली — रुंद पट्टे, खाली कापसाची घडी, मागे हुकांच्या तीन रांगा. धुऊन धुऊन एक हूक सैल झाला होता. कुठला? मधल्या रांगेचा. कारण ती रोज मधल्याच रांगेत लावते. ही बॉडी मी नोव्हेंबरात शिवली. चाळीसच्या मापावर. मग दीड इंच वाढलेली छाती मधल्या रांगेत कशी मावते?

सुई तशीच धरून बसले. तीस वर्षं शिवते आहे! गिऱ्हाईक दारातून आत येतं तेवढ्यात सांगते, "बाई, कमरेत अर्धा इंच वाढलात." आणि घरातली पोर —

ठकी कॉलेजात होती. कटिंगच्या टेबलावर दोन्ही टेप शेजारी शेजारी अंथरले. खिळ्यावरचा आणि ड्रॉवरमधला. टोकाला टोक लावलं, वर इस्त्री ठेवली. नव्याचे साठ जिथे संपले, तिथे जुन्याचे अजून अठ्ठावन्नसुद्धा झाले नव्हते.

जुना ताणला गेलाय. वीस-पंचवीस वर्षं माणसं मोजून मोजून सैल पडलाय. त्याच्यावर जे चाळीस दिसतं ते खरं साडेएकेचाळीस असतं. पाच एप्रिलला माझ्या हातात नवा टेप होता. एवढंच झालं. मुलगी वाढली नाही. टेप बदलला.

आणि तोंडात टाचण्या धरून मी बघितलंसुद्धा नाही हातात कुठला टेप आहे. "त्याच हाताने" म्हणे!

म्हणजे वाढ थांबून वर्ष होऊन गेलंय. म्हणजे तिचं होऊ शकतं. आत्ता. याच उन्हाळ्यात.

टेप परत खिळ्याला लावला. इस्त्री जागेवर ठेवली. ठकी आली. "जेवलीस का गं?" एवढंच विचारलं.

२९ एप्रिल

उद्या सांगते.

३० एप्रिल

गणवेशांची गर्दी आहे.

५ मे

ठकी उभी राहिली. यावेळी मी स्वतः उठले. खिळ्याकडे गेले नाही. ड्रॉवर उघडला. नव्याने मोजलं. साडेएकेचाळीस. लिहिलं.

ठकी माझ्याकडे बघत होती. मी वहीकडे बघत होते. फार सुंदर अक्षरात लिहिलं. चोरी करणाऱ्याने अक्षर तरी चांगलं काढावं.

मनाशी म्हटलं, खोटं काय लिहिलंय? साडेएकेचाळीस हे तर खरं माप! खोटं तर बाबांचा टेप बोलत होता. मीच वकील, मीच आरोपी, आणि न्यायाधीश दुपारी झोपलेला.

१४ मे

वन्सं खूश. "बघ, वाढतीय अजून. बरं झालं, घाई केली नाहीस. माझा भाऊ तसा गेला, आता पोरीला नको बाई त्या टेबलावर." मला म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा — म्हणजे गल्लीला ऐकू जाणारा. ठकी इथेच बसली होती, काजं करत. उठून आत गेली.

माझ्या मनातलं वाक्य वन्संच्या तोंडून ऐकलं. माझंच होतं, अक्षर न् अक्षर. कसलं ओंगळ दिसत होतं बाहेर काढल्यावर.

म्हटलं, "वन्सं, आणखी चहा घेता का?" शूर बाई मी.

५ जून

साडेएकेचाळीस. सुंदर अक्षर.

१६ जून

बकरमचा एक मोठा तुकडा नाहीसा झाला होता. कॉलरमध्ये घालतात तो कडक कपडा. मला वाटलं, मीच कुठे वापरला. आज ठकीच्या उशीखाली चादर बदलताना सापडला.

हातभर रुंद पट्टा. चार पदर, कडेला दुहेरी शिलाई, एका टोकाला नाड्या. शिलाई इतकी सरळ की क्षणभर कौतुकच वाटलं. मग कळलं तो कशासाठी आहे.

आली तेव्हा विचारलं. आढेवेढे घेतले नाहीत तिने. "धावायला. सकाळी मैदानावर कुणी नसतं. हा बांधला की हलत नाही."

"श्वास घेता येतो?"

"अर्धा."

शर्ट वर करून दाखवला. बरगड्यांवर नाड्यांचे वळ, काखेत कातडी निघालेली. मी तिथे मलम लावतेय आणि ती मलाच म्हणते, "आई, हळू, तुझी नखं."

विचारलं, "शंभर मीटर किती सेकंदांत?"

"अठरा." आणि हसली. "शाळेत चौदा होते."

अर्ध्या श्वासावर धावतेय पोर, आणि मी घरात अक्षर घोटतेय.

१७ जून

सांगितलं.

टेबलावर दोन्ही टेप अंथरले, वर इस्त्री. तिने टोकं बघितली. मग मी बोलले. हुकाचं, टेपाचं, आणि एप्रिलच्या अठ्ठावीसपासून मला माहीत होतं हेही. मे महिन्यातला आकडा, जूनमधला आकडा. का केलं तेही. "मला भीती वाटली गं. तुझे बाबा गेले तशी तू —"

मी तयारीत होते. ओरडेल, बोलणं टाकेल, वन्संकडे राहायला जाईल. यातलं शेवटचं झालं असतं तर शिक्षा तिलाच झाली असती.

ती टेप बघत राहिली. मग जुना टेप उचलला, गुंडाळला, खिळ्याला लावला.

"हं," म्हणाली. आणि आत गेली.

एवढंच! हं!

१९ जून

अजून हंच.

२४ जून

डॉक्टरीणबाईंपुढे वही ठेवली आणि सगळं घडाघडा ओकून टाकलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. वाटलं, आता हाकलतात. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, हसतायत.

"इतकी वर्षं काम करते आहे. वजन खोटं सांगणारे भेटले, वय खोटं सांगणारे भेटले. टेप बदलणारी आई पहिलीच."

मी म्हटलं, पहिल्यांदा, एप्रिलात तरी मी मुद्दाम बदलला नव्हता हो. ठकी छताकडे बघत होती.

मग त्यांनी मला विचारलं, तिच्या बाबांना नेमकं काय झालं होतं. मी सांगितलं, टेबलावर गेले. "म्हणजे कशाने? भुलीमुळे की हृदयामुळे? हे मला सप्टेंबरात सांगायला हवं होतं. घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर मुलीच्या बाबतीत ते आधी बघावं लागतं. कागद आहेत?"

अकरा प्रश्न नेले होते मी. त्यांना हवं असलेलं एक उत्तर नेलं नाही.

पुन्हा बाहेर बाक, पुन्हा दात. ठकी आत पाऊण तास.

२५ जून

स्टुलावर चढून निळी फाइल काढली. जेवणं आटोपल्यावर, उजेडात, खिडकीशी बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. क्रमानेच. निम्मं समजलं नाही. त्यांचं वजन समजलं, उंची समजली. "पत्नी बाहेर उपस्थित" असं एका ठिकाणी लिहिलंय. ते समजलं.

शेवटच्या पानावर मीच सही केलेली. सही कसली, वेडंवाकडं काहीतरी.

३० जून

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फाइल वाचली. ठकीच्या हृदयाची तपासणीही झाली, रक्तही. म्हणाले, तुमच्या मिस्टरांच्या हृदयाची मोठी रक्तवाहिनी आधीपासूनच जवळपास बंद होती. भुलीचा दोष नाही. वजनं उचलताना, जिना चढताना, कधीही झालं असतं. मुलीचं सगळं चांगलं आहे.

सात वर्षं ब्लँकेटाखाली हे वाक्य होतं. मी वर मधमाश्या वाचत होते.

बसमध्ये ठकीने माझा हात धरला. सोडला नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलंय, "माझ्याकडून कुठलीच आडकाठी नाही, तारीख तू ठरव, आईला ठरवू देऊ नको." बरोबर आहे. या आईला टेपसुद्धा देऊ नये.

२ जुलै

मशीनवर होते. ठकी आली, खिळ्यावरचा टेप काढून हाताभोवती गुंडाळत उभी राहिली.

"आई, पाच एप्रिलला टेप मी दिला होता तुला. नवा. मुद्दाम."

मशीन थांबवलं.

"वर्ष भरत आलं आणि मला भीती वाटायला लागली. नको म्हणवेना, हो म्हणवेना. तुझ्या तोंडात टाचण्या होत्या."

"पण जुना ताणलाय हे तुला कसं कळलं?"

"बाबांनी सांगितलं होतं. मी लहान होते. म्हणाले, या टेपाने गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं नाही, दीड इंच कमी दाखवतो. फक्त तुझ्या आईचं घ्यायचं. तिला सांगू नकोस, खूश असते बिचारी."

मी हसले. ब्रेक लागेना. ती थांबली नाही यावेळी, तीही हसत राहिली. डोळे पुसता पुसता विचारलं, "आता नाही वाटत भीती?"

"वाटते की," म्हणाली. "अठरा ऑगस्ट सांगून आलेय. सही तुझी लागेल."